दोन बादल्या खड्ड्याला

सकाळी कामावर आलं की आधी मागच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचं, हे माझं पहिलं काम होतं. झाडू नंतर, चहा नंतर. ऑफिसच्या मागं भिंतीला लागून सिमेंटची हातभर चौकट होती, वर लोखंडी झाकण. झाकण उचललं की आत एक नळी आणि तिच्या बाजूनं खाली उतरलेली तांब्याची पट्टी. नळीत पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि आत येऊन भिंतीवरच्या तक्त्यावर सही करायची. मी चौथी शिकलेली आहे, सही मला येते. पुढचा सगळा घोळ त्या सहीनंच केला.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं. आता नाव बदललं, पण नळ तेव्हाही आठवड्यानं यायचा आणि आताही आठवड्यानंच येतो, त्यामुळं मला फारसा फरक जाणवला नाही. आम्ही कन्नड तालुक्याकडचे, मेंढरं राखणारे. चारा संपला, मेंढरं विकली, दोन शेळ्या ठेवल्या आणि चिकलठाण्याच्या अलीकडं एका वस्तीत पत्र्याची खोली करून राहिलो. शहर तेव्हा सुजल्यासारखं वाढत होतं. माळावर काल बोरी होत्या तिथं आज तीन मजले. नवऱ्याला बांधकामावर काम मिळालं. काम काय, तर स्लॅबवर पाणी मारायचं, सिमेंट पक्कं व्हावं म्हणून. तो दिवसभर स्लॅबला पाणी पाजायचा, मी खड्ड्याला पाजायचे आणि संध्याकाळी दोघं घरी येऊन टँकरची वाट बघायचो.

त्याचं काम आज आहे तर उद्या नाही असं होतं. माझं मात्र महिन्याचं होतं. आणि ऑफिसच्या बोअरची एक कळशी रोज घरी न्यायची मुभा होती. वर्ष भरलं की दिवाळीनंतर मला कायम करणार, असं साहेबांनी सांगितलं होतं. ते काम गेलं असतं तर आम्ही परत कन्नडला जाऊन काय दगड राखणार होतो?

ऑफिस कंपनीचं होतं. कारखान्यांना, बँकांना तारेनं जोडून द्यायचं, हा त्यांचा धंदा. आत एक काचेची खोली, तिच्यात लोखंडी कपाटं, कपाटांत दिवे लुकलुकायचे. खोली कायम थंडगार. चपला बाहेर काढायच्या, धूळ आत न्यायची नाही. मी पहिल्या दिवशी बघितलं तेव्हा मला वाटलं, हा गाभाराच आहे. चपला बाहेर, आत गारवा, दिवे जळतायत आणि आत जाणारा एकच माणूस. साहेबांच्या घराण्यात मागं भटपण होतं, ते त्यांनीच सांगितलेलं. आजोबा पिंडीवर पाणी घालायचे, हे कपाटांची सेवा करतात आणि खड्ड्याला दोन बादल्या घालायला लावतात. मला सगळं बरोबर जुळलं. आमच्या लोकांना गावात गाभाऱ्याच्या पायरीपाशी थांबवायचे. इथं निदान पोछा घेऊन आत जायला मिळत होतं.

साहेब तिशीचे असतील. स्वभावानं वाईट नव्हते, पण बोलायला त्यांना माणूस नव्हतं. ऑफिसात दिवसभर ते आणि मी. त्यामुळं मी कपाटं पुसायला लागले की ते सुरू व्हायचे.

"मावशी, ह्या एका तारेतून वाळूजच्या कारखान्याचे फोन जातात, यंत्रांचे नकाशे पुण्याला जातात, हजेरी जाते. सगळं एकाच वेळी."

"मंग एकमेकांत कालवत नाय का?"

"नाही ना. तेच तर. आपण प्रत्येक गोष्टीचे तुकडे करतो. सगळे तुकडे एकसारखे. एक तुकडा म्हणजे त्रेपन्न घास समजा. त्यातले पाच घास पत्त्याचे, कुठं जायचं ते. बाकी अठ्ठेचाळीस माल."

"येवढा लहान तुकडा कामून? मोठा करा की. पत्ते कमी लिहावे लागतील."

साहेब खूश झाले. म्हणाले, हाच प्रश्न मोठमोठ्या लोकांनी विचारला होता. मग त्यांनी सांगितलं की नकाशा लई मोठा असतो. तो सबंध तारेत घातला तर तो जाईपर्यंत मागं फोन अडकतो. फोनवर बोलणाऱ्याचा शब्द अडकला की त्याला काहीच समजत नाही. नकाशाला घाई नसते, तो दोन पळं उशिरा पोचला तरी चालतं. म्हणून नकाशाचे तुकडे करायचे आणि मधे मधे फोनचे तुकडे सोडायचे. फोनला आधी जाऊ द्यायचं. पलीकडं पोचल्यावर ज्याचे त्याचे तुकडे परत जोडायचे.

मी फडकं पिळलं आणि म्हणाले, "हे तर आमच्या टँकरचं झालं."

"कसं?"

मी सांगितलं. वस्तीत टँकर पहिल्यांदा आला तेव्हा एका बाईनं पाइपाखाली टिपाड लावलं. टिपाड भरेस्तोवर मागं चाळीस बाया कळश्या घेऊन उभ्या, एकीचं पोर तापानं फणफणलेलं, आणि ती टिपाडवाली म्हणते, "मी आधी आले, मी भरणार." मग भांडण, झिंज्या, एकीचा दात पडला. पुढच्या वेळी मी टँकरच्या मागच्या पायरीवर चढले आणि सांगितलं, टिपाड कुणी आणायचं नाही. क्रांती चौकात हातगाडीवर मिळते ती प्लास्टिकची कळशी, सगळ्यांनी तीच. कळशीवर घराचा आकडा रंगवायचा. एक कळशी भरली की ती ठेवून परत रांगेच्या मागं. घरटी तीन. आजारी माणूस, बाळंतीण असेल त्या घराची कळशी पुढं. आणि तीनच्या वर कुणी चौथी आणली तर तिच्यावर मी खडूची रेघ मारणार. सगळ्यांचं झाल्यावर टँकरमधे काही उरलं तर रेघवाल्यांना, नाही तर घरी जा.

साहेबांनी हातातली तार खाली ठेवली.

"मावशी, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण सांगणार? मेंढरं हौदावर पाजायची तर असंच असतं. दांडगा एडका आधी शिरला की तो पीत नाय, उभाच राहतो, आन् कोकरं मागं मरतेत."

ते म्हणाले, गिऱ्हाइकाशी आमचा करार तसाच असतो. सेकंदाला इतके तुकडे, हे आधी ठरवून घेतात आणि कुठल्या वाटेनं जायचे ती वाट आधीच आखून ठेवतात. त्यात फोनचे इतके, मालाचे इतके. गिऱ्हाइकानं त्याच्या वर पाठवले तर आम्ही त्या तुकड्यांवर खूण करतो. वाट मोकळी असली तर जाऊ देतो, गर्दी झाली तर खूणवाले पहिले टाकून देतो.

"टाकून देता? मंग गिऱ्हाइकाचं काय?"

"त्याचा कॉम्प्युटर परत पाठवतो."

तिथं मात्र आमचं पाणी आणि त्यांचा माल वेगळे झाले. आमचं सांडलं की सांडलं, मागून परत येत नाही. यांना पुन्हा मागवता येतं, म्हणून यांना टाकून द्यायला काही वाटत नाही. मी तसं म्हणालेही. ते हसले. म्हणाले, मावशी, येवढ्यासाठी मी चार वर्षं इंजिनीयरिंग केलं. मी म्हणाले, तुमच्या आईबापाला सांगू नका, वाईट वाटेल त्यांना.

खड्डा कशाला ते मात्र मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कपाटांचं सगळं त्यांना कौतुकाचं, खड्ड्याचं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असेल. मला वाटलं, माणूस शिकला तरी घरचं वळण जात नाही, घालतोय पाणी तर घालू दे.

उन्हाळा लागला तसा टँकर दोन दिवसांआडचा चार दिवसांआड झाला. घरटी तीनच्या दोन कळश्या झाल्या. शेळ्यांना पाजायचं काय? एक गाभण होती. एका सकाळी मी दोन बादल्या घेऊन खड्ड्यापाशी उभी राहिले. झाकण उचललं, नळीत बघितलं. शेळी दूध देते. हा खड्डा काय देतो? झाकण लावलं, पाणी डब्यात भरून जिन्याखाली ठेवलं, आत जाऊन तक्त्यावर सही केली. संध्याकाळी डबा घरी.

चोरी म्हणा. मला चोरी वाटली नाही. खड्ड्याचं पाणी होतं, खड्ड्यानं काही तक्रार केली नाही. सही मी रोज वेळेवर करत होते, ती मात्र तेव्हा अगदी झकास यायला लागली होती.

असे दोन-अडीच महिने गेले असतील. शेळी व्यायली, दोन पाठी झाल्या. मग वाळूजच्या कारखान्याचे फोन यायला लागले.

तो कारखाना साहेबांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचा मॅनेजर फोनवर इतक्या जोरात बोलायचा की मला ऑफिसच्या स्वयंपाकघरात चहा करताना ऐकू यायचं.

"दुपार झाली की तुमची लाइन झोपते! पुण्याला बोलताना निम्मा शब्द मला, निम्मा देवाला! नकाशा पाठवला तर तिथं सकाळी पोचतो. ह्यापेक्षा माणूस एसटीनं पाठवला असता!"

साहेब तारा बदलायचे, कपाटात खोचलेली सर्किटची पत्री काढून दुसरी घालायचे. एक पत्री जळलीच. कॉम्प्युटरवर आकडे बघत बसायचे. मी चहा ठेवताना विचारलं, "काय झालंय?"

"तुकडे पडतायत मावशी. करारातले, बिनखुणेचे तुकडे पडतायत. पत्त्याचे पाच घास असतात ना, त्यातला एक घास पत्ता तपासायचा असतो. पत्ता बिघडलेला दिसला की कपाटातली पेटी तो तुकडा फेकून देते. चुकीच्या घरी जाण्यापेक्षा गेलेला बरा. दुपारी कारखान्याची मोठी यंत्रं सुरू झाली की पत्ते बिघडायला लागतात. का, तेच कळत नाही."

त्यांचं जेवण सुटलं. डबा तसाच परत जायचा. कधी कधी त्यातली पोळी मी शेळीला नेली, खोटं कशाला बोलू. मला त्यांची दया आली, पण माझ्या बादल्यांचा आणि त्यांच्या पत्त्यांचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाहेरच्या मातीत पाणी नाही म्हणून आतल्या तारेतला पत्ता पुसला जातो, हे कुणाच्या डोक्यात येईल?

शेवटी मॅनेजरनं पुण्याला तक्रार केली आणि पुण्याहून मोठे साहेब आले. जाडजूड, केसांना कलप, आल्या आल्या पाणी मागितलं आणि अर्धा पेला ओतून टाकला. तिथंच मनातून उतरले. ते काचेच्या खोलीत गेलेच नाहीत. सरळ मागं गेले. पिशवीतून एक यंत्र काढलं, खड्ड्याच्या पट्टीला एक तार लावली, बाकीच्या तारा खिळ्यांना बांधून खिळे दूरवर जमिनीत ठोकले. आमच्याकडं तंबू ठोकतात तसे. मग यंत्राची मूठ फिरवली. काटा पार टोकाला जाऊन आपटला.

"अर्थिंग मेलंय," मोठे साहेब म्हणाले. "हे बघ. पेट्यांत जी नको ती वीज येते ती जमिनीत जायला हवी. जमीन घेतच नाहीये. मग ती तारांतच फिरते, तुकडे नासवते. पत्री जळली ती पण त्यानंच. पाणी टाकता का रोज?"

"टाकतो सर. मावशी रोज दोन बादल्या टाकतात. तक्ता आहे."

तक्ता आणला. मोठ्या साहेबांनी महिन्यामहिन्याची पानं उलटली. एक दिवस चुकलेला नव्हता. सह्या एकाखाली एक, दाण्यासारख्या.

"मग पाणी पडूनही काटा तिथंच, म्हणजे खड्डाच खोटा आहे," ते म्हणाले. "कोळसा आणि मीठ किती भरलं होतं? का वर दोन पाट्या टाकून खाली नुसती माती? हा खड्डा तू उभं राहून भरून घेतला होतास ना?"

"सर, मी सगळं नीट भरलंय."

"मग मला हा काटा समजावून सांग. नाही सांगता येणार. कागद मी पुण्याला पाठवतो. तू आवराआवर करायला लाग."

मी दारात पेले घेऊन उभी होते. सगळं मला तेव्हाच कळलं. बोलले तर माझं काम जाणार होतं, दिवाळी चार महिन्यांवर आली होती. नाही बोलले तर साहेब जाणार होते. मी फार वेळ विचार केला नाही, पण जो केला तो काही फार थोर नव्हता. मला वाटलं, हे गेले तर दुसरा येईल. तो कसा असेल कुणास ठाऊक. बोअरला कुलूप घालील. शिवाय खोट्या खड्ड्याचं नाव आलं की हे लोक खड्डा उकरून बघणार, आत कोळसा-मीठ भरपूर निघणार आणि मग फिरून माझ्याच सहीवर येणार. मार खायचाच आहे तर आजच खाल्लेला बरा.

"खड्डा खोटा नाय," मी म्हणाले. "सही खोटी हाय."

दोघंही वळले.

"म्हणजे?" मोठे साहेब.

"पाणी खड्ड्यात गेलंच नाय. अडीच महिने झाले. माझ्या शेळ्या पिल्या."

"शेळ्या?"

"व्हय. दोन होत्या, आता चार हायेत."

मोठ्या साहेबांना हसावं का ओरडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं. "लाखांची मशिनं, पुण्यापर्यंत बोंब, आणि पाणी शेळ्यांनी प्यालं! काढा हिला. आत्ताच्या आत्ता."

मी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी खड्ड्याच्या झाकणाकडं बघितलं. त्यांना आपलं काम वाचल्याचा इतका आनंद झाला होता की लाजायलाही जागा उरली नव्हती. मी त्यांना दोष दिला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही झाकणाकडंच बघत बसले असते. मी पेले धुऊन पालथे घातले, माझी कळशी घेतली आणि निघाले. कळशी भरून घेतली, ते सांगायचं राहिलं.

घरी नवरा म्हणाला, "कामून बोललीस? तुला कोण विचारत होतं?" मी म्हणाले, "कुणीच नाय. म्हणून तर बोलले." त्यानं दोन दिवस तोंड फिरवलं. त्याचं बरोबर होतं. स्लॅब पुरा झाला होता आणि त्याचंही काम थांबलं होतं. दोन माणसं, चार शेळ्या, आणि पाणी चार दिवसांआड दोन कळश्या. कन्नडला जाणाऱ्या गाडीच्या वेळा तो विचारून आला.

चौथ्या दिवशी दुपारी टँकर आला. मी नेहमीसारखी मागच्या पायरीवर, हातात खडू. रांग नीट चालली होती. तेवढ्यात वस्तीच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली आणि साहेब उतरले. दोन्ही हातांत बादल्या. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, आणि चिखलातून कुठं पाय ठेवावा ते कळेना.

बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, "अगं, नवरदेव कोणाचा गं हा? पाण्यालाच आला का पोरगी बघायला?" टिपाडवाली बाई, ती आता माझी चांगली मैत्रीण झाली होती, म्हणाली, "बादली हाय तेची. आकडा नाय. हाकल."

"काय साहेब?" मी वरूनच विचारलं.

त्यांनी भरभर सांगितलं. मोठे साहेब होते त्या दिवशी खड्ड्यात वीस बादल्या ओतल्या. काटा खाली आला, लाइन सुधारली. मोठे साहेब गेले, आठवडाभर रोज वीस बादल्या ओता म्हणून सांगून. दुसऱ्या दिवशी बोअरनं चिखल टाकला आणि बंद पडली. पैसे देऊनही टँकर मिळेना, सगळे टँकर बिल्डरांनी धरलेले. खड्डा परत सुकला. आज दुपारी कारखान्याचा मॅनेजर परत फोनवर.

"मावशी, दोनच बादल्या द्या. आजचा दिवस निघू दे."

"रांगेत उभं राहा."

"मावशी, मी..."

"तुमचा आकडा नाय. तुमची वाट आधी आखलेली नाय. तुम्हीच सांगितलं होतं ना?" मी खाली वाकून त्यांच्या दोन्ही बादल्यांवर खडूची रेघ मारली. "सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर."

ते उभे राहिले. तासभर उभे राहिले, उन्हात, शेवटी. त्याबद्दल मी त्यांना मानते. मधे एका पोरीनं त्यांना विचारलं, "तुमच्या घरी नळ नाय का?" ते म्हणाले, "आहे, पण पाणी नाही." त्यावर बाया जरा मऊ झाल्या. एकीनं त्यांना डोक्यावर धरायला पोतं दिलं.

टँकर संपला. पाइप दोनदा ढेकरला आणि गप झाला. साहेबांच्या बादल्यांत थेंब पडला नाही.

"तुमचे तुकडे पडले, साहेब," मी म्हणाले. "आन् उरलं असतं तरी दिलं नसतं. प्यायचं पाणी खड्ड्यात ओतायला ह्या बायांनी मला जिती ठेवली असती का?"

ते तिथंच दगडावर बसले. म्हणाले, "मग झालं. उद्या कारखाना करार मोडणार."

मी त्यांच्याकडं बघत होते आणि मला एकदम राग आला. येवढा शिकलेला माणूस, त्रेपन्न घासांचे हिशेब पाठ, आणि हे सुचू नये?

"साहेब, खड्ड्याला तहान लागते का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तो पाण्याची चव बघतो का? स्वच्छ पाणी कशाला पायजे तेला? ओलं राहिलं म्हंजे झालं ना?"

"हो. ओलं राहिलं की झालं. मीठ ओलं राहायला हवं."

"मंग भांडी घासल्याचं चालंल का? आंघोळीचं? लुगडी धुतल्याचं?"

साहेबांनी दगडावर बोटानं काहीतरी मांडलं. मग म्हणाले, "चालेल. उलट त्यात क्षार असतात. जास्त चांगलं."

त्यांच्या तोंडावर किळस आणि आनंद एकाच वेळी आले. त्यांच्या मनात ती थंड खोली, त्या काढून ठेवलेल्या चपला आल्या असतील. आणि आता त्या देवाला धनगरांच्या बायांच्या आंघोळीचं पाणी.

बाया ऐकत होत्या. टिपाडवाली म्हणाली, "माझ्या अंगाचं पाणी पुण्याला फोन लावणार? मंग चांगलं घासून आंघोळ करीन बाई!" सगळ्या खिदळल्या. पण देईन म्हणून सगळ्यांनी सांगितलं. सांडपाणी असंही दारापुढं डास करत होतं. तिनंच घरातून आपलं टिपाड काढून आणलं, टँकरच्या रांगेत ज्याला मी येऊ दिलं नव्हतं ते. म्हणाली, "आता तरी ह्याला काम दे."

साहेब उठले. "मावशी, उद्यापासून या. मोठ्या साहेबांना मी सांगतो."

"काय सांगणार?"

"की... की तुमच्याशिवाय खड्ड्याला पाणी मिळणार नाही."

"ते खरं हाय. पण माझी एक अट हाय. सही मी करणार नाय. ओतणार मी, सही तुम्ही करायची. रोज. मागं येऊन, बघून."

त्यांनी मान डोलावली. टिपाड त्याच दिवशी हातगाडीवर ढकलत आम्ही ऑफिसला नेलं, नवरा पुढं, मी मागं. एसटीच्या वेळा त्यानं पुन्हा विचारल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला तो मला स्वयंपाकघरात ऐकू आला नाही, म्हणजे लाइन सुधारली होती.

कायम मी शेवटपर्यंत झाले नाही. दिवाळी आली, गेली, पुण्याचा कागद काही आला नाही. सात वर्षं तशीच केली. पुढं ती कपाटंही गेली, नवं काही आलं, तुकडे लहान-मोठे कसेही पाठवतात म्हणे आता, तार इतकी रुंद झाली की कुणाला रांग लावायची गरज पडत नाही. असेल. आमच्या वस्तीत अजून लागते.

पण त्या उन्हाळ्यातली प्रत्येक सकाळ मला आठवते. मी टिपाडातून बादली भरायचे, त्यात राख, साबणाचा फेस, भाताची शितं, कधी एखादा केस. साहेब नाकाला रुमाल लावून झाकणापाशी उभे. मी सावकाश ओतायचे. घाई केली की नळीतून वर येऊन त्यांच्या बुटावर उडायचं.

"झालं का मावशी?"

"एक बादली राहिली. बघा नीट. मंग सही करा."